टाकीतला उसासा

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर माणसं, गोठ्याच्या पत्र्यावर माणसं, आणि मधोमध नवरदेवासारखा उभा केलेला एक जुनाट ट्रॅक्टर. रंग उडालेला, एका बाजूचा दिवा तारेने बांधलेला. त्याच्या बॉनेटवर तळहात ठेवून, डोळे मिटून श्वासबाबा उभे होते. बाबांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायची कुणाची छातीही नव्हती.

"शांत राहा," बाबा म्हणाले. "तो बोलणार आहे."

बाबांनी डिझेलच्या टाकीचं झाकण हळूच फिरवलं. सुस्स करून लांबलचक आवाज आला, एखाद्या थकलेल्या माणसाने उसासा टाकावा तसा. पुढे बसलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. बाबा टाकीत तोंड घालून काहीतरी पुटपुटले, मग त्यांनी झाकण परत लावलं आणि घरातल्या धाकट्या भावाला खूण केली. इतका वेळ मेल्यासारखा पडलेला ट्रॅक्टर, थोडे आढेवेढे घेऊन का होईना, धडधडायला लागला.

मी शेजारचा. शाळेत गणित शिकवतो. बाबांच्या लेखी माझ्यासारखे लोक म्हणजे 'कोरडे', श्रद्धेचा ओलावा नसलेले.

हा ट्रॅक्टर धाकट्याच्या थोरल्या भावाचा. त्याच उन्हाळ्यात थोरला नांगरता नांगरता स्टिअरिंगवरच कोसळला. हृदयविकाराचा झटका. लोक धावत पोचले तेव्हा इंजिन चालूच होतं. धाकट्याने ते बंद केलं आणि त्यानंतर कितीतरी दिवस त्याला ट्रॅक्टरकडे बघवेना. शेवटी नांगरणीची वेळ निघून जायला लागली तेव्हा कुणीतरी शहाण्याने सल्ला दिला, की आधी यंत्राची शुद्धी करून घे. अशा रीतीने बाबा घरात शिरले. त्यांनी बॉनेटला, चाकांना आणि टाकीच्या झाकणाला मंतरलेलं मेण लावलं, त्याला 'कवच' म्हणाले आणि बजावलं, "तुझ्या-माझ्याशिवाय कवचाला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये."

त्या दिवसापासून ट्रॅक्टर बिघडला. झकास सुरू व्हायचा, थोडं शेत नांगरायचा, मग दम लागल्यासारखा गुरगुरायचा आणि बंद पडायचा. बराच वेळ तसाच ठेवला की आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. मेकॅनिकने फिल्टर बदलला, पंप तपासला, नळ्या फुंकून पाहिल्या. त्याच्या अड्ड्यावर आणून थोडा वेळ चालवला की ट्रॅक्टर शहाण्या पोरासारखा चालायचा. मेकॅनिक झाकणाकडे हात नेऊ लागला की धाकटा मध्ये पडायचा. "ते सोडून काहीही उघड," म्हणायचा.

अर्थातच पुन्हा बाबांना बोलावणं गेलं. त्यांनी झाकण उघडलं, उसासा निघाला, आणि बाबांनी निदान केलं: थोरला इंजिनात अडकलाय. पुढे त्याला गावासमोर बोलतं करायचा दिवस ठरला, तोच हा अंगणातला.

"देह म्हणजे काय, तर इंजिन," बाबा त्या दिवशी सांगत होते. "प्राण म्हणजे डिझेल. चार पुरुषार्थ, तसे चार सिलिंडर."

"याला तीनच आहेत," मेकॅनिक म्हणाला.

बाबांनी डोळे मिटले. "चौथा मोक्ष. तो दिसत नाही."

यावर लोकांनी माना डोलावल्या. मी हसलो तर चार जणांनी वळून माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच कुणाचं तरी सिलिंडर चोरलंय.

इथवर सगळी करमणूकच होती. पण बाबा करमणुकीसाठी थोडेच आले होते? इंजिन बंद करवून त्यांनी आवाज चढवला. "तो म्हणतोय, त्या सकाळी घरातून भांडण ऐकून निघालो. जिने माझा शेवटचा दिवस नासवला ती या घरात आहे तोवर मला सुटका नाही. तिची सावली पडली की माझा श्वास कोंडतो. तिला माहेरी धाडा आणि विहिरीकडचा जमिनीचा तुकडा मठाच्या नावे करा."

सगळ्यांच्या नजरा ओसरीकडे वळल्या. तिथे खांबाला टेकून थोरल्याची बायको, धाकट्याची वहिनी, उभी होती. नवऱ्याशी त्या सकाळी तिचं वाजलं होतं हे खरं होतं. कुणाच्या घरात वाजत नाही? पण तिचं शेवटचं बोलणं तेच ठरलं होतं, आणि ते तिला आतून पोखरत होतं. बाबांनी नेमकं तिथेच बोट घातलं. वहिनी एवढंच म्हणाली, "माझ्यामुळे अडत असेल तर जाते मी."

धाकटा खाली मान घालून उभा होता. "वहिनी, थोडेच दिवस," तो म्हणाला, "दादाची सुटका होईपर्यंत."

"कुणी कुठे जायचं नाही," ओसरीवरून आवाज आला.

ही आत्या. दोघा भावांची सख्खी आत्या, शहरातल्या इस्पितळात नर्स म्हणून उभं आयुष्य घालवलेली, आणि आता या भाचेसुनेच्या सोबतीला येऊन राहिलेली. ती पायऱ्या उतरून आली. गर्दीने वाट दिली, कारण त्या अंगणातल्या निम्म्या लोकांना तिने कधी ना कधी सुई टोचली होती.

"महाराज, मगाचा आवाज पुन्हा ऐकवता का?"

"तो काय वाजवायचा भोंगा आहे?" बाबा म्हणाले. "आत्मा त्याच्या मर्जीने बोलतो."

"मग धाकट्या, तू ट्रॅक्टर काढ आणि बंद पडेपर्यंत नांगर. बंद पडला की माझ्यासमोर झाकण उघड."

बाबांना नाही म्हणता येईना. नाही म्हणावं तर आत्मा घाबरला असं दिसलं असतं. सगळी जत्रा शेतात गेली. ट्रॅक्टर जमिनीत नांगराच्या थोड्या रेघा, तासं, मारून नेहमीसारखा गुरगुरला आणि थांबला. आत्या झाकणाजवळ कान नेऊन उभी राहिली. धाकट्याने झाकण फिरवलं. सुस्स.

"उसासा बाहेर टाकतात," आत्या म्हणाली. "ही हवा आत जातेय. बोट धरून बघ." धाकट्याने झाकण घट्ट बसवलं, इंजिन फिरवलं, आणि ते पुन्हा अडखळून बंद पडल्यावर झाकण जरासं सैल करून फटीवर बोट धरलं. बोट आत ओढलं गेलं. त्याने झटकन हात मागे घेतला.

"पूर्वी सलाईन काचेच्या बाटलीतून द्यायचो आम्ही," आत्या सांगू लागली. "बाटलीला नुसती नळी लावली तर चार थेंब पडायचे आणि थांबायचं. का, तर औषध जितकं बाहेर जाईल तितकी हवा आत यायला हवी. म्हणून आम्ही बुचात आणखी एक सुई खोचायचो. ती विसरली की पेशंटचे नातेवाईक आमच्या नावाने खडे फोडायचे. आत्मा अडकला असं मात्र कुणी म्हणालं नाही."

तिने झाकण उन्हात धरलं, नखाने मेण खरवडलं. खाली एक बारीक भोक होतं, मेणाने गच्च बुजलेलं. मेकॅनिकने कपाळावर हात मारून घेतला. "हवेचं भोक. आणि मला हात लावू दिला नाही." आत्याने अंबाड्यातला आकडा काढून भोक मोकळं केलं.

"आता बसेल कोण?" तिने विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "सूनबाई, तू बस. तुझ्या सावलीने श्वास कोंडतो ना, बघू दे सगळ्यांना."

वहिनीला नवऱ्यानेच ट्रॅक्टर शिकवला होता. ती चढली. पहिली काही तासं वाकडी गेली, मग सरळ. बांधावर उभी असलेली माणसं वाट बघत राहिली, ट्रॅक्टर काही बंद पडेना. ऊन डोक्यावरून कलायला लागलं तसे बाबा म्हणाले, "अश्रद्धेने तो निघून गेला. आता ते नुसतं लोखंड उरलं."

"परत बोलावू की," आत्या म्हणाली. तिने खरवडलेलं मेण पुन्हा भोकात दाबलं. थोड्या वेळात ट्रॅक्टर गुरगुरून थांबला. मेण काढलं, चालला. हे तिने पुन्हा एकदा करून दाखवलं, आणि दुसऱ्या खेपेला लोकांच्या माना ट्रॅक्टरऐवजी बाबांकडे वळल्या. बाबा तोवर गाडीपाशी पोचले होते. मठात येण्याआधी त्यांनी बरीच वर्षं डिझेल इंजिनं दुरुस्त केली होती, हे आम्हाला पुढे कळलं. भोक कुठे असतं हे त्यांना न कळायला काय झालं?

धाकटा मात्र बांधावर बसून राहिला. लोक पांगले तरी उठेना. आत्या त्याच्याजवळ जाऊन बसली. "मी रोज त्याच्याशी बोलायचो, आत्या," तो म्हणाला. "बंद पडला की झाकण उघडायचो आणि वाटायचं, दादा ऐकतोय. मग तो नव्हताच?"

"नव्हता. हवा होती."

धाकटा रडला. भाऊ गेला तेव्हाही तो असा रडला नव्हता. नांगर थांबवून वहिनी खाली उतरली आणि त्याच्या शेजारी बसली. मग तो तिला म्हणाला, "वहिनी, मी तुम्हाला जा म्हणालो."

"म्हणालात," ती म्हणाली. "पुन्हा म्हणू नका."

मला राग बाबांच्या मेणाचा नाही. मेण नखाने निघतं. राग याचा, की एका पोरक्या झालेल्या भावाला हवेचा आवाज 'तुझा दादा' म्हणून विकला गेला, त्यासाठी एका बाईला घराबाहेर काढायची तयारी झाली, आणि आम्ही शेदीडशे शहाणे भिंतीवर बसून ते पाहत होतो. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एवढंच म्हणा: पुन्हा करून दाखवा, आणि या वेळी झाकण माझ्या हातात द्या. जो देणार नाही त्याला दारात उभं करू नका.