हातात वस्तरा, तोंडी सुवार्ता

पाळकसाहेब, ह्या माणसाची वाट तुम्ही लावलीत. एकोणीस वर्षांपूर्वी एका रविवारी तुम्ही व्यासपीठावरून म्हणालात, की ज्यानं त्यानं आपापल्या कामाच्या जागी ख्रिस्ताबद्दल बोलावं. दीडशे माणसांनी माना डोलावल्या, घरी जाऊन जेवली आणि विसरून गेली. एकट्या न्हाव्यानं ते मनावर घेतलं. इतकं मनावर तर तुम्ही स्वतःही घेतलं नसेल.

त्याच्या दुकानात दोन खुर्च्या. खिडकीकडची त्याची, आतली धाकट्या भावाची. हात म्हणाल तर थोरल्याचाच चांगला. वस्तरा असा फिरवायचा की गिऱ्हाइकाला डुलकी लागावी. पण गालाला फेस लागला की तो सुरू व्हायचा. येशूनं कुणाला बरं केलं, कुणाला माफ केलं, आणि आपण स्वतः दारू पिऊन गटाराकाठी पडलो होतो तेव्हा कुणाच्या नावानं उठलो. पदरचं काही घालायचा नाही. पहिल्या वर्षी लोकांनी ऐकून घेतलं, दुसऱ्या वर्षी चेष्टा केली, तिसऱ्या वर्षी त्याचं नाव 'वस्तरा पाद्री' पडलं ते पडलंच. आता त्याची खुर्ची रिकामी असली तरी लोक बाकावर बसून भावाची वाट बघतात. बसा की, म्हटलं, तर म्हणतात, राहू दे, मला घाई नाही. आणि असं म्हणणारा दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत असतो.

गेल्या सोमवारी भावानं काय ते सांगून टाकलं. भाऊ वाईट नाही. म्हणाला, दादा, तू मला बापासारखं वाढवलंस, वस्तरा धरायला शिकवलंस, ते मी विसरलो नाही. पण माझ्याही पदरात दोन पोरी आहेत. महिनाअखेरपर्यंत तोंड आवर, नाहीतर मी माझी खुर्ची उचलतो. खिडकीकडच्या एकट्या खुर्चीवर दुकान चालणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि ताट वाढता वाढता एवढंच विचारलं, की अहो, इतक्या वर्षांत एक तरी माणूस वळला का?

"मास्तर आहेत," तो म्हणाला.

हे मास्तर गणित शिकवून निवृत्त झालेले. सहा वर्षं दर शनिवारी सकाळी येऊन त्याच्याच खुर्चीत बसत, डोळे मिटून, अगदी शांत. मध्येच मानही हलवत. आठवडाभर लोकांनी केलेला पाणउतारा शनिवारी भरून निघायचा. मास्तरांच्या डाव्या कानाला ऐकायचं मशीन असे. कल्ले कापताना त्यात केस जाऊ नयेत म्हणून न्हावी स्वतः ते हळूच काढून आरशाखालच्या वाटीत ठेवी. उजवा कान शाबूत आहे असं तो धरूनच चालला होता. म्हणून तर उजव्या बाजूला उभा राहून बोलायचा.

ह्या शनिवारी त्यानं धीर केला. दाढी झाली, तुरटी फिरवली, मशीन पुसून मास्तरांच्या कानाला लावलं आणि म्हणाला, "मास्तर, उद्या उपासनेला याल का माझ्याबरोबर?"

"कसली उपासना?"

"सहा वर्षं तेच तर सांगतोय तुम्हाला. येशूबद्दल."

मास्तर आरशातून त्याच्याकडे बघतच राहिले. मग ओशाळले. उजवा कान लहानपणीच गेलाय म्हणाले, आणि मशीन वाटीत गेलं की ठार काही ऐकू येत नाही.

"तुझ्या दुकानात इतकं शांत वाटतं रे," ते म्हणाले. "घरी सून, नातवंडं, टीव्ही. म्हणून तर तुझ्याकडे येतो."

बाकावर बसलेला टायरवाला फिस्सकन हसला. भावानं भिंतीकडे तोंड केलं. न्हाव्याला राग यायला हवा होता, पण रागवायचं कुणावर? मशीन काढून ठेवणारा हात त्याचाच. मास्तर त्याचा खांदा थोपटून निघाले. आता मशीन लावलंय, आता सांग बघू, असं काही ते म्हणाले नाहीत.

तो आपल्याच खुर्चीत बसला. कधी बसायचा नाही. पायांना रग लागली होती, आणि ती त्या एका दिवसाची नव्हती. गप्प राहायचं, बस्स. दुकान राहील, भाऊ राहील, लोक पुन्हा नावानं हाक मारतील. इतकं सोपं होतं.

भावानं संधी साधली. टायरवाल्याला म्हणाला, जा, दादाकडे बस, आज काही ऐकावं लागणार नाही. टायरवाला खरंच बसला. न्हाव्यानं फेस केला, दाढी केली, मिशी कोरली, चकार शब्द काढला नाही. काम झकास झालं. टायरवाल्यानं गालावरून हात फिरवला आणि म्हणाला, असा राहिलास तर रोज येईन. न्हावी त्याच्या पाठीकडे बघत राहिला. गटाराकाठी पडलेल्या माणसाच्या बाजूनं नाक दाबून निघून जावं, तसं काहीतरी आपण आत्ता केलं, असं त्याला वाटलं. 

तेवढ्यात तुम्ही आलात, पाळकसाहेब. त्यानं कापड झटकलं, खुर्ची पुसली आणि म्हणाला, या. तुम्ही बाकावर बसलात, पेपर उघडलात आणि म्हणालात, "राहू दे. मला घाई नाही."

भावालाही हसू आलं नाही.

न्हावी थकला होता, त्याचा आवाज चढला नाही. "साहेब, मी गप्प बसणार नाही," तो म्हणाला. "आत्ताच बसून पाहिलं, नाही जमलं. भाऊ जाईल, तर मी घरोघर जाऊन दाढ्या करीन आणि तिथं बोलेन. कुणी ऐकलं नाही तर तो ज्याचा त्याचा प्रश्न, तेवढं मला कळतं. मास्तरांपासून पुन्हा सुरुवात करीन, मशीन लावून. पण एक सांगा. येशूनं शिष्यांना गावोगाव पाठवलं, तेही दोघादोघांना. मला एकट्याला का पाठवलंत?"

तुम्ही पेपरची घडी घातलीत, पुन्हा उघडलीत, पुन्हा घातलीत. तो कापड हातात घेऊन अजून उभा आहे, साहेब. उत्तर द्या.