पालखीपुढे सायकल

पोहणं साडेसातशे मीटर, सायकल वीस किलोमीटर, धावणं पाच, आणि सगळं मिळून दोन तासांत. दोन तास झाले की कमानीखालची वेळ मोजणारी पट्टी गुंडाळून ठेवतात. मग तुम्ही आलात काय नि न आलात काय, सारखंच. सुमंगलाने गेलं वर्षभर स्वतःला मोजून पाहिलं होतं. ताप आला नाही, ट्यूब फुटली नाही आणि समुद्र बरा असला, तर तिच्या हाती शेवटी पाच मिनिटं उरत होती.

ती डिचोलीच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. पोहायला शिकली ती चौतिसाव्या वर्षी. शाळा सुटली की पणजीची बस धरायची, तलावात तासभर नाकातोंडात पाणी घ्यायचं आणि ओल्या केसांनी मुळगावला घरी यायचं. हे सारं कशासाठी, असं नवऱ्याने, कृष्णनाथने, एकदा विचारलं होतं. तिला नीट सांगता आलं नव्हतं. पण कारण होतं. तिच्या आयुष्यातलं एकही काम तिने एकटीने केलेलं नव्हतं. बारावीला भौतिकशास्त्रात पंच्याण्णव गुण पडले, तेव्हा पेडण्याकडच्या तिच्या माहेरच्या वाड्यावर जो तो म्हणाला, देवी पावली. कारण परीक्षेआधी देवळात तिच्या नावाने गाऱ्हाणं घातलं होतं. नोकरी लागली तेव्हाही तेच झालं. लग्न तर सबंध वाड्यानेच जुळवलं. कोणी वाईट केलं नव्हतं, सगळ्यांनी चांगलंच केलं होतं. म्हणून तर कोणाला काही बोलायची सोय नव्हती. ही एक शर्यत तेवढी तिला आपल्या दोन हातापायांची हवी होती.

माहेरी तिने चकार शब्द काढला नव्हता. कृष्णनाथलाही सांगून ठेवलं होतं, ‘तू येऊ नको.’

‘आणि बुडलीस तर?’

‘तर पेपरात वाच.’

शर्यत मोरजीच्या किनाऱ्यावरून सुरू होणार होती. सायकलीचा रस्ता आत वळून थेट तिच्या माहेरच्या वाड्यावरून जात होता. नकाशात ते तिने दोनदा तपासून पाहिलं. मग तिने स्वतःची समजूत काढली: हेल्मेट आणि गॉगल घालून भरधाव जाणारी बाई कोण ओळखणार? दिवस शिगम्याचे होते. त्या आठवड्यात कधीतरी देवीची पालखी वाड्यावर फिरते, हे तिला ठाऊक होतं. नेमकी कधी, ते आईला एका फोनवर विचारता आलं असतं. पण विचारलं की आई उलट कारण विचारणार, ‘कित्याक गो?’ म्हणून तिने विचारलं नाही.

भोंगा वाजला आणि शंभरेक माणसं एकदम पाण्यात घुसली. कोणाची तरी टाच तिच्या गॉगलवर बसली. तलावात तळाला काळी रेघ असते, तिच्यावर नजर ठेवून सरळ जायचं. इथे खाली नुसता हिरवट अंधार होता. खारं पाणी जड असतं, ते माणसाला जास्त उचलून धरतं, हे ती दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवायची. पाणी तिला उचलत होतं खरं, पण ते त्याच्या मर्जीने. लाट वर नेई तेव्हा वळणखुणेची तरंगती केशरी बोया दिसे, खाली आली की ती नाहीशी होई, आणि पुन्हा दिसे ती तेवढ्याच अंतरावर. तिने घाबरून घोटभर पाणी गिळलं. शेवटी ती पाठीवर पडून राहिली आणि आकाशाकडे बघत श्वास जागेवर आणू लागली. जीवरक्षकाची छोटी होडी जवळ आली.

‘वर घेऊ, बाई?’

तिने नकारार्थी मान हलवली. तोंड उघडायची हिंमत नव्हती.

किनाऱ्याला लागली तेव्हा मागे अगदी थोडी डोकी उरली होती. हातच्या पाचांतली तीन मिनिटं समुद्राने खाल्ली होती. सायकलीजवळ येऊन मोजे घालू लागली, तर ओल्या पायांना वाळू चिकटलेली आणि मोजे काही केल्या टाचेवर चढेनात. एरवी चुटकीसरशी होणारं काम, पण बोटंच तिचं ऐकत नव्हती.

सायकलीवर मात्र तिला बरं वाटलं. किनाऱ्याची दुकानं मागे पडली, रस्ता काजूच्या बागांमधून जाऊ लागला आणि पिकल्या बोंडांचा आंबूस गोड वास आला. वारा पाठीशी होता. तिने दोघांना मागे टाकलं. हृदयाचे ठोके एकशे साठ, ठरवल्याप्रमाणे. मनगटावरच्या घड्याळाकडे बघून ती पहिल्यांदाच स्वतःशी हसली. दोनाची पुन्हा तीन मिनिटं झाली होती.

वळणापलीकडून ढोल ऐकू आला.

पोलिसांनी वाड्याला सांगितलं होतं, शर्यत यायच्या आत रस्ता मोकळा करा. वाड्यानेही मान्य केलं होतं. पण पालखी उचलायची तर देवीचा कौल लागतो. मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवतात आणि उजवीकडची पडली की देवीने होकार दिला असं समजतात. त्या सकाळी कळी पडेना. माणसं तासभर हात जोडून उभी राहिली. कळी पडली तेव्हा सूर्य माडांच्या वर आला होता, आणि आता पालखी भर रस्त्यात, एका घरासमोर आरती घेत उभी होती.

तशी अडचण काहीच नव्हती. लाल झेंडीवाला स्वयंसेवक ओरडत होता, ‘डाव्या बाजूने, एकेक!’ माणसं कुंपणाला चिकटून वाट देत होती. पुढचे दोघे बंगळूरचे स्पर्धक सुळकन निघून गेले. एक म्हातारी तर त्यांना हात करून म्हणाली, ‘जा पुता, जा बेगीन.’

सुमंगलालाही तसंच जायचं होतं. तिने हँडल डावीकडे वळवलंही होतं. पण ब्रेक लागला. तो तिने लावला असं म्हणता येणार नाही. पालखी समोर आली की वाहनावरून उतरायचं, पायातलं काढायचं, बाजूला उभं राहायचं, हे ती चालायला लागल्यापासून करत आली होती. ती उतरली, महत्प्रयासाने चढवलेले मोजे बुटांसकट काढले, अनवाणी उभी राहून हात जोडले. एक नमस्कार करायचा आणि निघायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

पण शर्यतीत धावणारं कोण असं बूट काढतं? वाड्याने लगेच ओळखलं, हे आपलंच कोणीतरी.

‘ह्यां कोण गो?’

‘आमच्या धाकूचां सुमंगल न्हय?’

‘खंयचां? सुमंगल शाळेत शिकयता. ह्यां सर्कशीतलां दिसता.’

हशा पिकला. तेवढ्यात आरतीचं ताट तसंच हातात धरून तिची आई, चंद्रावती, गर्दीतून पुढे आली आणि लेकीकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली.

‘अगो, पावस नाय काय नाय, भिजलंस कशाक?’

‘आये, शर्यत आसा. माका जावचां आसा. मागीर सांगतंय.’

‘ह्या भेसान देवीसमोर उबी रवलंस?’ आईने ताट शेजारणीकडे दिलं, पालखीच्या एका भोयाच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि तिच्या कमरेला गुंडाळून गाठ मारली.

ढोल थांबला, कारण शांतारामकाकाने हात वर केला होता. शांताराम हा तिच्या वडिलांचा, धाकूचा, चुलतभाऊ, वाड्याचा मानकरी. देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा.

‘कसली शर्यत?’ त्याने विचारलं.

‘दर्यात पोवचां, मगे सायकल, मगे धावचां.’

‘आणि पैलो लंबर काडतलंस?’

‘नाय ओ काका. फकत येळार पोचूक होया. येळच नाय आतां. जातंय मी.’

‘येळार पोचूक होया मां?’ काका म्हणाला. ‘मगे थांब. देवी दारात उबी आसताना तसांच जातलंस? शाणां मगो तू?’

आणि त्याने नारळ हातात घेतला.

गाऱ्हाण्याला क्रम असतो. सुमंगलाला तो पाठ होता. आधी देवीला हाक, मग सीमेवरच्या राखणदाराला, मग वाड्याच्या मूळ पुरुषाला, मग ज्यांची नावं विसरली गेली त्या सगळ्यांना, आणि त्यानंतर कुठे ज्याचं काम त्याचं नाव. मधलं एकही गाळता येत नाही आणि मधून उठून जाता येत नाही. डोक्यावरचं हेल्मेट तिने काढून हातात धरलं.

‘माये सातेरी,’ काकाचा खर्जातला आवाज लागला, ‘आज ह्या वाड्याचां लेकरू तुज्या पायाकडे इलां...’

‘व्हय म्हाराजा,’ सगळे म्हणाले.

मागून सायकली येत होत्या, झेंडीवाल्याने दाखवल्या बाजूने जात होत्या. तिने मागे टाकलेले दोघेही गेले. मग एक जाडसर गृहस्थ धापा टाकत गेले. तिच्या मनगटावर ठोक्यांचा आकडा उतरत उतरत, वर्गात शिकवताना असतो तिथवर आला. शेजारचा वेळेचा आकडा मात्र पुढे पळत होता.

‘तेच्या सायकलीचां चाक फुटू नये, पायात गोळो येव नये...’

‘व्हय म्हाराजा.’

‘आणि तेच्या वाटेर कोण आडवो इलो, तर तेका बाजूक कर गो माये.’

‘व्हय म्हाराजा,’ तिच्या वाटेवर उभी असलेली चाळीस-पन्नास माणसं मनापासून म्हणाली.

तिने आईकडे पाहिलं. आईचे डोळे मिटलेले होते आणि ओठ काकाच्या शब्दांमागून हलत होते. कोणाला हाताने दूर करावं, कोणावर ओरडावं, असं एकही तोंड तिथे नव्हतं.

‘येळार पोचलां, तर ह्यां चेडू खणा-नारळान तुजी ओटी भरतलां. मान्य करून घे.’

‘व्हय म्हाराजा.’

शर्यतीतल्या शेवटच्या स्पर्धकामागे एक मोटारसायकल असते. ती येऊन सुमंगलाच्या मागे उभी राहिली. चालवणाऱ्याने इंजिन बंद केलं आणि चपला काढल्या. तोही इथलाच असावा.

नारळ फुटला. तळहातावर प्रसाद आला, कपाळाला कुंकू लागलं, टॉवेल सुटला. तिने मोजे खिशात कोंबून तसेच बूट चढवले. ‘जा आतां. बग कशां पोचतंस तां!’ असं म्हणत चार जणांनी सायकल मागून ढकलली.

त्यानंतर ती किती जोरात गेली, हे तिला कधी आठवलं नाही. आठवतं ते धावणं. सायकलीवरून उतरल्यावर पाय आपले राहत नाहीत, असं सगळे सांगतात. तिचे तर कोणा तिसऱ्याचेच झाले होते, आणि मोज्यांशिवाय दोन्ही टाचा सोलवटल्या होत्या. पाण्याची टेबलं एकेक करून मिटली जात होती. ती दर वळणावर उरलेलं अंतर आणि उरलेला वेळ मांडून पाहत होती. उत्तर दर वेळी एकच येत होतं, आणि ते चुकलं असावं म्हणून ती पुन्हा मांडत होती. थांबायला काहीच हरकत नव्हती. पण थांबून जायचं कुठे, हे कळत नव्हतं.

शेवटचा तुकडा वाळूतला. हवा भरलेली निळी कमान समोर दिसू लागली तेव्हा तिने घड्याळ पाहिलं नाही. तेवढ्यात तिच्यात हवा भरणाऱ्या पंख्याची घरघर थांबली. कमान मधोमध वाकली, एका बाजूला कलली आणि हळूहळू वाळूवर बसली. सुमंगला तिला वळसा घालून पलीकडे गेली.

‘वेळ संपली हो, बाई,’ पट्टी गुंडाळणारी मुलगी खरोखरच वाईट वाटून म्हणाली. ‘फार नाही, थोडक्यातच. घोट्यावरची वेळेची चिप द्या.’

‘पण मी सगळं पुरं केलंय.’

‘हो ना. पण नोंद होणार नाही. मशीन बंद झालं.’

तिने चिप सोडून दिली. पिशवी घेतली आणि वाळूतच बसली. पिशवीत फोन वाजत होता. नाव आईचं, आवाज शांतारामकाकाचा.

‘मगे? झालां?’

गाऱ्हाण्याने त्याचा घसा बसला होता. मागे ढोल नव्हता, बोलणं नव्हतं. सगळी माणसं फोनभोवती गप्प उभी असणार. खरं काय ते दोन वाक्यांत सांगता आलं असतं: अंतर पुरं झालं, वेळ चुकली. मग ‘कित्याक चुकली?’ असा प्रश्न आला असता आणि त्याचंही उत्तर तिच्याजवळ होतं. अचूक होतं.

‘झालां, काका,’ ती म्हणाली.

‘येळार?’

‘...व्हय.’

फोनच्या त्या बाजूला एकच गलका झाला. आई कोणाला तरी सांगत होती, ‘मियां म्हटलंय मां? देवी पावली.’ काका पुन्हा बोलू लागला, ‘मगे ओटी कधी भरतलंस? पालखी अजून बसूक नाय. तशांच ये. खण आई हाडता घरातसून.’

‘आतांच?’

‘देवीक आंगवलां, नवस बोललां, तां बाकी ठेवू नये, बायो.’

ती उठली. सायकल घेतली. पायांनी पेडल फिरेना म्हणून ती हाताने ढकलत रस्त्यावर आली. झेंडीवाले निघून गेले होते, रस्ता वाहतुकीला खुला झाला होता. मागून पेडण्याची बस आली आणि कंडक्टरने दारातून हात बाहेर काढून तिला कडेला व्हायला सांगितलं. ती कडेला झाली, बस जाऊ दिली आणि वाड्याच्या दिशेने चालू लागली.