माझ्या पाठीवरचा पोचा

मी एक जुना ओव्हन आहे. जुना म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काळवंडलेला, तेलकट, बटणं सैल झालेला ओव्हन येईल. पण मित्रांनो, मी जुना झालो तो एकदाही न तापता.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पत्रा वाकवून माझं अंग घडलं, दाराला जाड काच बसली, आत जाळ्या सरकवल्या गेल्या. शेवटच्या टेबलावर एक बाई बसत. त्यांनी माझं दार उघडून मिटलं, ते नीट वाजतं का हे कान जवळ आणून ऐकलं आणि ‘छान’ म्हणून माझ्यावर शिक्का मारला. ती माझी पहिली शाबासकी. पुढे बराच काळ मला तीच पुरवून वापरावी लागली.

तिथून मी गोदामात गेलो. एका दुपारी तिथली आमची थप्पी कलली आणि आम्ही सगळे धाडकन खाली आलो. माझ्या पाठीच्या कोपऱ्याला मुठीएवढा पोचा पडला, दाराची बिजागरी वाकली. खोकी फाटली होती, म्हणून आम्हाला नव्याकोऱ्या खोक्यांत भरण्यात आलं. आत आमचं काय झालंय ते कुणी पाहिलं नाही. एवढी गोष्ट लक्षात ठेवा. तिच्यावरून पुढे बरंच रामायण घडलं.

मला विकत घेतलं बाबांनी. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. त्यांचं चष्म्यांचं छोटं दुकान होतं. एकदा बाजारातून येताना आई एका काचेपाशी जरा थांबली होती आणि काचेपलीकडे ओव्हन होते. तेवढ्यावरून बाबांनी मला घरी मागवलं, कुणाला न विचारता.

“हे काय?” आईने विचारलं.

“ओव्हन. तू बघत होतीस ना त्या दिवशी?”

“मी काचेत माझे केस बघत होते! अहो, दोन माणसांना भट्टी कशाला? बेकरी काढायचीय का? जगाला चष्मे लावता, आणि आपल्या ओट्यावर जागा नाही ते दिसत नाही?”

“उघडून तर बघ.”

“ओटा वाढवू, तेव्हा उघडू.”

आतला काळोख मला तेव्हा पहिल्यांदा जाणवला. मग मला माळ्यावर चढवायचं ठरलं. बाबा पलंगालगत स्टुलावर उभे राहिले. आई खालून “सांभाळून, सांभाळून” म्हणत राहिली आणि नेमका तेव्हाच त्यांचा हात सुटला. मी पडलो तो गादीवर. मला काही म्हणता काही झालं नाही. फक्त आतल्या जाळ्या खणखणल्या.

“पाडलात ना!”

“पडला नाही गं. जरा टेकला.”

“हसताय काय? फुटला असेल आत.”

“मग उघडून बघू या का?”

“काही नको. चढवा वर.”

माळ्यावर माझ्या शेजारी पाहुण्यांच्या रजया होत्या. घरातलं सगळं मला पुठ्ठ्यातून ऐकू यायचं. बाबा अधूनमधून विचारायचे, “उघडायचा का गं तुझा ओव्हन?” आई म्हणायची, “बघू.” त्या ‘बघू’वर मी दिवस काढले. बाबांच्या आवाजातला खोकला वाढत गेला. मग तो ऐकू येईनासा झाला. घरात खूप माणसं आली. मग कुणीच आलं नाही.

काही महिन्यांनी लेक आईजवळ राहायला आली. माळा आवरताना तिने मला खाली घेतलं आणि खोकं उघडलं. एवढा उजेड मी विसरूनच गेलो होतो. तिने दार लावलं, ते बोटभर उघडंच राहिलं. तिने मला फिरवलं, आणि पाठीवरचा पोचा दिसला. आई पलंगाच्या कडेला बसली.

“ह्यांनी पाडला तेव्हाच झालं असणार हे.”

“गादीवर पडून एवढा पोचा येतो का, आई? हा आला तेव्हाच असा असणार. आपण पैसे परत मागू या.”

लेकीला पैशांची तितकी ओढ नव्हती. त्या दिवसांत आई फारसं बोलत नसे. अधूनमधून एवढंच म्हणायची, “साधा उघडूनसुद्धा बघितला नाही मी.” लेकीला वाटत होतं, ओव्हन मुळातच बिघडलेला होता हे दुकानदाराच्या तोंडून एकदा वदवून घ्यावं. उघडला असता तरी चालला नसता, हे कळलं की आईचं मन हलकं होईल.

दोघी मला टॅक्सीत घालून दुकानात घेऊन गेल्या.

“ताई, माल कधी पोचवलाय बघा,” दुकानदार बिल डोळ्यांजवळ धरून म्हणाला. “तो त्याच दिवशी उघडून बघायचा असतो. आता कंपनीला काय सांगू? माळ्यावर पिकायला ठेवला होता म्हणून?”

“काय वाटेल ते सांगा. आला तेव्हाच तो असा होता.”

“घरी पडलाबिडला नाही ना?”

“नाही,” लेक म्हणाली.

“पडला होता की,” आई म्हणाली. “ह्यांच्या हातून.”

दुकानदाराने बिल खाली ठेवलं आणि आईला हात जोडले. “काकू, तुमच्यासारखं गिऱ्हाईक सगळ्या दुकानदारांना मिळो.”

परतताना लेक धुमसत होती. “गप्प बसता येत नाही का तुला?”

“त्यांनी विचारलं, मी सांगितलं,” आई म्हणाली. मी तिच्या मांडीवर होतो. तिने मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

आठवड्याभराने त्याच दुकानदाराचा फोन आला. जुन्या वह्या चाळताना त्याला दिसलं, की माझ्याबरोबर आलेले आणखी ओव्हन लोकांनी तेव्हाच परत आणले होते. सगळ्यांना त्याच कोपऱ्यात तसाच पोचा. कंपनीने गोदामातली चूक मान्य केली होती. ओव्हन आणून द्या आणि पैसे घेऊन जा, तारखेचं काही विचारणार नाही, असं तो म्हणाला.

लेक धावत स्वयंपाकघरात आली. आई माझ्या शेजारी बसून शेंगा निवडत होती.

“ऐकलंस? बाबांनी नाही मोडला! गोदामातच झालं होतं ते.”

आईची बोटं थांबली. “तू होतीस इथे?”

“अगं, कंपनीच सांगतेय.”

“कंपनी होती? मी होते. आवाज मी ऐकलाय.”

“आई, पण मग तुला बरं नाही का वाटत?”

“गोदामातला पोचा घेऊन काय करू मी?” आई म्हणाली. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, बरोबर पोच्यावर. “हे स्टुलावर उभे राहून हसत होते. इतका राग आला होता मला! तेवढं अगदी लख्ख आठवतं बघ. नाहीतर सारखा दवाखानाच आठवतो.”

लेकीने दुकानात फोन लावला. “आम्ही ओव्हन परत करत नाही,” ती म्हणाली. “तो आमच्याच घरात पडला होता.”

“अहो ताई,” दुकानदाराचा आवाज मलाही ऐकू आला, “मायलेकींनी मिळून एकदा काय ते ठरवा हो!”

पुढे दुरुस्तीवाला आला. त्याने बिजागरी सरळ केली, तारा तपासल्या. “पोचाही ठोकून काढू का?” त्याने विचारलं. दोघी एकदमच “नको” म्हणाल्या. त्या संध्याकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा तापलो. आईने केक केला. तो एका बाजूला चांगलाच कलला.

“ह्यांची वस्तू,” आई म्हणाली, “सरळ कशी वागेल?” आणि मग ती हसली. लेकीने तिचं हसणं किती दिवसांनी ऐकलं होतं, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

खरं काय ते मला ठाऊक आहे, आणि आता तुम्हालाही. आपण ते आपल्यापाशीच ठेवू. मला बोलता येत नाही याचं पूर्वी फार वाईट वाटायचं. आता वाटत नाही.

पण मित्रांनो, तुमच्याजवळ एक मागणं आहे. कुणी तुमच्यासाठी काही आणलं, तर ते खोकं त्याच दिवशी उघडा. पोचा निघाला, तर वस्तू वेळेत परत करता येते. आणि नाही निघाला, तर आणणाऱ्याचा चेहरा बघायला मिळतो.