कपाळाचं नाक

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात एका घोड्याने रुक्मिणीबाईच्या नाकाचा लचका तोडला, तेव्हा तिचा नवरा भाईदास दोन हातांच्या अंतरावर उभा होता. तरी त्यांच्या गावात, रनाळ्यात, बोलणं झालं ते वेगळंच. बाईचं नाक गेलं म्हणजे नवऱ्यानेच कापलं, आणि नवऱ्याने कापलं म्हणजे तसंच काही कारण असणार. वर्षभर ती दाराबाहेर पडली नाही. जेवायचीसुद्धा भिंतीकडे तोंड करून.

एकतीस साली भाईदासने तिला नंदुरबारच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिच्या कपाळाची कातडी पानासारखी कापली, भुवयांमधला देठ तसाच ठेवला, आणि ते पान खाली वळवून नाकाच्या जागी शिवलं.

"या देठातूनच नव्या नाकाला रक्त मिळतं," ते भाईदासला म्हणाले. "कातडीने जागा धरेपर्यंत याच्यावर दाब पडता कामा नये. पट्टी मीच सोडीन, मीच बांधीन."

आठवडाभर कातडी गुलाबी राहिली. हाताला ऊब लागायची.

"मंग मी पानी भराले जासू ना?" रुक्मिणीबाईने विचारलं. वर्षात पहिल्यांदा तिने काहीतरी मागितलं होतं.

मग भाईदासची बहीण तापीबाई भेटायला आली. कपाळावरची पट्टी बघून म्हणाली, "घोडानं नाक खादं, आते डाक्टर कपाय खाई ऱ्हायना!" रुक्मिणीबाई हसली. निघताना तापीबाईने कुंकवाचा करंडा काढला.

"डाक्टरनी हात लावाले नही सांगेल शे," भाईदास म्हणाला.

"तो बाप्या माणूस, त्याले काय समजस? मन्हा भाऊ जिता शे, आन् वहिनीनं कपाय उघडं?"

"लाव वं बाई," रुक्मिणीबाई म्हणाली.

भाईदासने पट्टी सोडली. तापीबाईने देठाच्या मुळाशी मेण लावलं, वर कुंकू टेकवलं. भाईदास बघत राहिला. त्याला आपली बायको ओळखू आली. 

तापीबाई गेल्यावर त्याने पट्टी बांधली. कडेने कुंकू लाल दिसत होतं. डॉक्टर चिडतील म्हणून त्याने आणखी एक वेढा घेतला आणि ओढून गाठ मारली.

"दुखस का?"

"नही. ऱ्हाऊ द्या."

सकाळी डॉक्टरांनी पट्टी सोडली. नाक काळं पडलं होतं, गार होतं.

"कोणी बांधली ही?"

"मी."

डॉक्टरांनी कात्री घेतली. मेलेली कातडी त्यांनी कापून टाकली.

"दुसरं करता नही येवाव?" भाईदासने विचारलं.

"कपाळाची कातडी संपली. गालावरची पुरणार नाही."

जखमा भरल्यावर ते बैलगाडीने निघाले. रुक्मिणीबाईचा पदर छातीपर्यंत ओढलेला होता. रनाळ्याची झाडं दिसू लागली तशी ती म्हणाली, "आते नका जाऊ. अंधार पडू द्या."

भाईदासने गाडी निंबाखाली थांबवली. ऊन अजून बरंच होतं. शेतातून परतणाऱ्या बन्सीलालने विचारलं, "का रे भाईदास, गाव तं आलं. का थांबना?"

"बैल थकनात," भाईदास म्हणाला.

बन्सीलालने गाडीत एकदा पाहिलं आणि तो पुढे गेला. गावात पोचायला त्याला वेळ लागणार नव्हता.