इंजिनाचे अश्रू

मैदानात जुन्या गाड्यांची रांग लागली होती आणि माणसं टाचा उंचावून बघत होती. तेलमहाराजांनी एका गळक्या टेम्पोच्या इंजिनाखाली पांढरं कापड अंथरलं होतं. दोन तास झाले तरी त्यावर थेंब नाही.

"पॅकिंग नको, पाना नको!" महाराज माइकवरून गरजले. "इंजिनालाही आत्मा असतो. तो रडतो म्हणून तेल गळतं. मी त्याचे डोळे पुसतो!"

टाळ्या पडल्या. मला जांभई आली. तीस वर्षं गॅरेज चालवतोय, इंजिनाचे डोळे काही सापडले नाहीत.

रांगेत आमचे दाजीही होते. त्यांची व्हॅन रोज पेशंटना डायलिसिसला नेते.

"दाजी, इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवून सांध्यातलं झिजलेलं पॅकिंग बदलतो. एक दिवस द्या."

"एक दिवस गाडी बंद ठेवली तर पेशंट काय चालत जातील?"

तेवढ्यात त्यांचा नंबर लागला.

व्हॅन महाराजांच्या मागे लावलेल्या पडद्याआड गेली आणि कोरडी होऊन आली. डॅशबोर्डवर महाराजांचं गोल चित्र चिकटवलेलं. एकवीस दिवस ते काढायचं नाही, बॉनेट उघडायचं नाही, असं बजावलेलं.

तिसऱ्या दिवशी इंजिन खडखडायला लागलं. गाडीत निवृत्त विज्ञानशिक्षिका होत्या. डायलिसिस करून घरी निघालेल्या, थकलेल्या.

"चित्राच्या कडेनं लाल उजेड कसला येतोय?"

"महाराजांचं तेज, बाई."

"तेज बॅटरीवर चालतं का? थांबवा गाडी."

बाईंनी नखानं चित्र सोललं. खाली ऑइलचा धोक्याचा दिवा जळत होता. दाजींनी मला बोलावलं. मी ऑइल मोजायची पट्टी बाहेर ओढली. टोक जेमतेम ओशट.

"गळायला आत तेल तर हवं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाई मैदानावर आल्या. दूधवाल्याचा टेम्पो पडद्याआड जाण्याआधी त्यांनी मला पट्टी काढायला लावली. ऑइल पुरेपूर. टेम्पो बाहेर आल्यावर परत काढली. कोरडी! दूधवाल्यानं पडदाच ओढला. मागे महाराजांचा चेला काळ्या ऑइलनं भरलेल्या डब्याला झाकण लावत होता.

"हे आत्म्याचे अश्रू आहेत," महाराज पुटपुटले. या वेळी कुणी टाळी वाजवली नाही.

दाजींच्या इंजिनाच्या बेअरिंगा गेल्या होत्या. आठ दिवस काम चाललं आणि तेवढे दिवस दाजींनी माझ्या पिकअपमधून पेशंट नेले. मी जुनं पॅकिंग खरवडलं, दोन्ही पृष्ठभाग पुसले, नवं बसवलं आणि सगळे बोल्ट थोडे थोडे, सारखे आवळले. बघायला गर्दी नव्हती.

दाजी शेजारी बसून म्हणाले, "मला आधी का नाही अडवलंस?"

"अडवलं होतं."

त्यांनी पाने पुसून डब्यात ठेवले. वाद घालायचा मला कंटाळा आला होता. पण तुम्हाला सांगतो: अमुक थांबवलं असं कुणी म्हणालं, तर ते गेलं कुठे, एवढं तरी विचारा. विचारायला बॉनेट उघडावं लागलं तरी उघडा.