चौथ्या प्रकरणातली पाव फेरी

टीनुस स्विंकेल्सचं म्हणणं खरं निघालं. भट्टीत निवत ठेवलेली भिंगाची काच मधूनमधून पाव फेरी फिरवली, की ती एका अंगाने ओढली जात नाही. विद्यापीठाने मोजून पाहिलं, कंपनीने मान्य केलं आणि तिजोरीत ठेवलं.

मात्र हे तुम्ही वाचलेलं नाही. गोपनीयतेच्या करारानुसार अजून पाच वर्षं असं काही झालेलंच नाही. तेव्हा आपण पहिल्यापासून सुरू करू आणि काही ठाऊक नसल्यासारखं वागू. टीनुसच्या मुलीला, लीकेला, गेली दोन वर्षं हेच जमवावं लागत होतं, आणि तेही बापाच्या तोंडावर.

टीनुसने कंपनीच्या भिंगखात्यात छत्तीस वर्षं काढली. कॉफीला जाताना आणि कॉफीहून येताना तो भट्टीतली काच पाव फेरी फिरवायचा. का, असं विचारलं तर म्हणायचा, "एका कुशीवर झोपून तुझंही अंग धरतंच की." फोरमनला हे शास्त्र पटलं नाही. "काच निवतेय टीनुस, कोंबडी भाजत नाहीये," असं म्हणून त्याने सर्व्हिस बुकात शेरा मारला : वेळ वाया घालवण्याची खोड. खातं बंद झालं तेव्हा कामावरून काढायच्या पहिल्या यादीत शेरेवाले होते. त्यानंतर टीनुसने फोरमनला कधी शिव्या दिल्या नाहीत. खोड होती हे त्याने मान्य करून टाकलं. लीकेला जास्त लागलं ते हेच.

म्हणून तिने डॉक्टरेटच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण त्या पाव फेरीवर केलं. पैसा कंपनीचा, भट्टी विद्यापीठाची. निकाल इतका चांगला आला की दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या वकीलबाई हजर. प्रकरणावर काळ्या पट्ट्या पडल्या. मग बाईंनी ऋणनिर्देश वाचायला घेतला. तिथे लिहिलं होतं : 'बाबांना, ज्यांनी कॉफीला जाताना काच फिरवली.'

"हे वाक्य म्हणजेच सगळं प्रकरण आहे," बाई म्हणाल्या. "एकेचाळीस पानांत तुम्हाला जमलं नाही ते इथे एका ओळीत जमलंय. हे जाणार."

'बाबांना' एवढंच उरलं. पुढे पट्टी.

एव्हाना टीनुसच्या फुप्फुसांबद्दल डॉक्टर बोलले होते. शतावरीच्या कोंबांच्या भाजीचा यंदाचा हंगाम मिळेल, म्हणाले. चोवीस जूनला, सांत यान या संताच्या सणाला, शतावरीची काढणी बंद होते, त्यापुढचं सांगता येत नाही. लीकेने अर्ज केला : एका वाचकापुरती गोपनीयतेची मुदत उठवावी. अर्ज गेला तिच्या मार्गदर्शकांकडे, प्राध्यापक टेर होर्स्टांकडे. ते गुरुवारी विद्यापीठाचे प्राध्यापक असत आणि उरलेले चार दिवस कंपनीत संशोधनप्रमुख. गुरुवारी त्यांचे डोळे पाणावले. त्यांनी जोरदार शिफारस लिहिली आणि कंपनीला पाठवली. शुक्रवारी ती कंपनीतल्या त्यांच्याच टेबलावर आली.

"सर, काल तर तुम्ही म्हणालात..."

"काल मी तुझ्या बाजूने जिवाचं रान केलं, लीके," टेर होर्स्ट खरोखर खिन्न होऊन म्हणाले. "पण हे कंपनीवाले ऐकत नाहीत गं."

प्रबंधाच्या जाहीर परीक्षेला टीनुस चाकाच्या खुर्चीत, पहिल्या रांगेत बसला. लग्नातला कोट आता दोन टीनुस मावतील असा झाला होता. घेंटहून आलेल्या म्हाताऱ्या परीक्षकांनी कुठल्याच करारावर सही केलेली नव्हती, त्यामुळे त्यांच्या हाती काळंच प्रकरण पडलं होतं.

"बाई, चौथं प्रकरण मी दोनदा वाचलं," ते म्हणाले. "शैली जरा गडद वाटली. एका वाक्यात सांगाल का, काय आहे त्यात?"

सभागृह हसलं. लीकेने बापाकडे पाहिलं. तोही हसत होता, खोकत होता. तिच्या मनाने एकदम घेतलं : सगळ्यांसमोर, मोठ्यांदा, होईल ते होवो.

"काच निवत असताना," ती म्हणाली, "तिला जर कोणी..."

दार उघडलं. काळ्या झग्यातल्या, विद्यापीठाच्या चोपदार बाई घुंगरांचा दंड आपटत आत आल्या आणि लॅटिनमध्ये म्हणाल्या, वेळ झाली. इथल्या परीक्षेला मोजून पंचेचाळीस मिनिटं. दंड आपटला की उमेदवाराने वाक्य अर्धं टाकून गप्प व्हायचं, हीच रीत. टेर होर्स्टांनी कपाळ पुसलं. तो मंगळवार होता.

नंतर बाहेर बिअर आणि तळलेले मांसगोळे फिरू लागले. टीनुसने मुलीचा हात धरला. "काय गप्प बसलीस गं! ऐन वाक्यात! मला वाटलं, आता बोलते की काय."

"बाबा, ऐक. त्या चौथ्या प्रकरणात..."

"सही केलीस ना?"

"केली. पण..."

त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. "छत्तीस वर्षांत मी तुझ्या आईला एका भिंगाचं माप सांगितलं नाही. पार विचारून दमली बिचारी."

"बाबा, ते तुझंच आहे!" ती जवळजवळ ओरडलीच.

"कंपनीत माझं काय असणार, पोरी? कॉफीचा मगसुद्धा कंपनीचा होता, जाताना परत घेतला." मग त्याने एका कानावरचा हात थोडा सैल केला. "एकच सांग. आहे ना चांगलं?"

"खूप चांगलं आहे, बाबा."

"मग झालं तर. माझी ती वेळ घालवायची खोड तुझ्यात आली नाही, हे बरं झालं." आणि त्याने समोरचा बिअरचा ग्लास सवयीने पाव फेरी फिरवला.

दुसऱ्या दिवशी लीके विद्यापीठाच्या कार्यालयात गेली. गोपनीयतेची मुदत कमी करण्याचा नमुना अर्ज नव्हता; अशी मागणी आजवर कोणी केलीच नव्हती. मुदत वाढवण्याचा मात्र होता, तीन प्रतींत. तिने तोच घेतला आणि सुवाच्य अक्षरात भरला.

ज्याची मुदत वाढवायची त्याचा तपशील : टीनुस स्विंकेल्स, भिंगकामगार, निवृत्त.

सध्याची मुदत : चोवीस जून, शतावरी संपेपर्यंत.

कारण : संबंधित इसम सही केलेली गोष्ट मुदतीआधी ऐकून घेत नाहीत.

विनंती : तरी वरील इसमाची मुदत प्रस्तुत प्रबंधाच्या मुदतीइतकी, म्हणजे पाच वर्षांनी, वाढवून मिळावी; आणि एकेचाळीस पानं वाचण्यासाठी वर एक दिवस जादा देण्यात यावा, ही नम्र विनंती.