हळद लागलेली गिटार

मित्रांनो, मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. रंगाने लाल, निदान एके काळी तरी होते. आता कडांचा रंग उडून आतले लाकूड दिसते. तरी माझा तोरा काही उतरलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म कोलकात्याच्या एका लहानशा कारखान्यात झाला. कारागिराने माझे अंग कापले, रंधा मारला, लाल रंगाचे हात दिले आणि पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी बसवली. रेल्वेने मी तारापूरला आले. तिथल्या वीजकेंद्राच्या वसाहतीत हौशी लोकांचा ऑर्केस्ट्रा होता. गणपतीत, नवरात्रात माझा सूर लागला की पुढच्या रांगेतली मुले खुर्च्यांवर उभी राहत. किती कौतुक झाले माझे! मग कीबोर्ड आला. एकटाच साऱ्या वाद्यांचे आवाज काढणारा तो शहाणा! माझे वादक बदली होऊन गेले आणि मी वसाहतीच्या क्लबाच्या माळ्यावर, मोडक्या कॅरम बोर्डांमागे जाऊन पडले. खाऱ्या वाऱ्याने माझ्या तारा गंजून गेल्या. पुढे माळा साफ झाला आणि माझी रवानगी बोईसरच्या भंगारवाल्याकडे झाली. पंख्यांची पाती आणि सायकलची चाके यांच्यामध्ये लटकताना मला वाटले, संपले आपले.

तिथेच मला ललितने पाहिले. तो शिरगावचा, चिकूची वाडी असलेल्या घरातला, बोईसरच्या कारखान्यात नोकरीला. पाण्याच्या पंपाचा एक भाग शोधायला आला होता. मला पाहताच पंप विसरला आणि माझ्यावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसू लागला.

"ले जाओ भाई, पर बजता नहीं है," भंगारवाला म्हणाला.

"बजेगा," ललित म्हणाला आणि त्याने खिशातून पैसे काढले. 

तरुणपणी त्याच्याकडे हुबेहूब माझ्यासारखी गिटार होती. गावोगावच्या हळदींना तो ती वाजवी. मग एके दिवशी यंत्रात हात सापडला आणि डाव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तारा दाबायच्या त्या याच बोटांनी. भिंतीवरची गिटार बघवेना, म्हणून त्याने ती एका मित्राला देऊन टाकली. मित्र गाव सोडून गेला, तशी तीही गेली.

घरी नेल्यावर त्याच्या बायकोने, सुलूने, मला निरखून पाहिले. "तीच हाय का?"

"नाय गो. तिची बहीण असंल."

खरे सांगू? मला त्या न पाहिलेल्या बहिणीचा हेवा वाटला. मला हात लावताना त्याचे मन तिच्यापाशी असे. पण रागावू तरी कशी? त्याने माझ्या पोटातली तुटलेली वायर जोडली, नव्या तारा चढवल्या, खुंट्या फिरत्या केल्या. इतक्या मायेने मला कुणीच हाताळले नव्हते.

त्याची लेक समिधा लग्न होऊन घिवलीला जायची होती. ती म्हणाली, "बाबा, लहानपणापासून तुमच्या वाजवण्याच्या नुसत्या गोष्टी ऐकल्या. माझ्या हळदीला वाजवाल?"

ललित नाही म्हणू शकला नाही. रोज कामावरून आला की तो मला घेऊन बसे. आखूड बोटे तारेवरून निसटत, सूर फाटत. कपाळाला घाम येई. पण हळदीचे एक गाणे कसेबसे बसले. लेकीने आपल्याला एकदा तरी ऐकावे, एवढीच त्या माणसाची इच्छा होती.

हळदीची संध्याकाळ आली. गावातल्या बँजो पार्टीने ललितला आपला ॲम्प्लिफायर दिला. मी मांडवात खुर्चीवर टेकून बसले होते. तेवढ्यात ललितची आत्या, राहीबाई, हळदीचे ताट आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. त्यांच्या घरची रीत अशी, की लग्नाच्या कामाला येणाऱ्या जात्याला, मुसळाला आधी हळद लागते. आत्याने मलाही सोडले नाही. तेलात कालवलेली हळद तिने माझ्या तारांना वरपासून खालपर्यंत चांगली चोपडली.

ललित धावत आला. "आत्या, काय केलंस गो!"

"अरे, लग्नाला राबणारी वस्तू कोरडी नाय ठेवायची!"

त्याने पंच्याने तारा पुसल्या, पण तेल कुठले निघते? वाजवायला बसला, तर बोटे सरसर घसरू लागली. नुसते धप् धप् आवाज निघाले. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. समिधा पाटावर हळदीने माखून बसली होती. तिने मान खाली घातली. ललितचा चेहरा एवढासा झाला. त्याने मला मांडीवर आडवे ठेवले आणि वायर काढायला हात पुढे केला. मित्रांनो, माझा जीव तुटत होता, पण आपणहून वाजणे माझ्या हाती नव्हते.

आत्या कासावीस होऊन पुसायला वाकली. तिच्या हातातला कुंकवाचा पितळी करंडा माझ्या तारेवरून घसरला, आणि स्पीकरमधून एक लांब, ओला सूर निघाला. कुणीतरी गळा भरून हाक मारावी तसा.

ललितने आत्याच्या हातून करंडा घेतला. करंडा धरायला बोटांची टोके लागत नाहीत. उजव्या हाताने तार छेडत त्याने तो डाव्या हाताने तेलकट तारेवरून हळूच सरकवला, थांबवला, पुन्हा सरकवला. सूर सापडला. मग दुसरा. हळदीचे ते गाणे माझ्यातून असे निघाले, की असे मी ऑर्केस्ट्रातही कधी गायले नव्हते. आत्याने मागून आवाज लावला, बायकांनी धरला. ललितच्या डोळ्यांतले पाणी माझ्या अंगावर पडत होते.

गाणे संपले. हळदीची नवरी पाटावरून उठत नाही. समिधाने बसल्या जागेवरूनच हात जोडले. "बाबा, थांबू नका ना!"

तो थांबला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी आपले वाद्य माळ्यावर टाकले असेल. "आता पूर्वीसारखे जमत नाही" असे ते म्हणत असतील. त्यांना पूर्वीसारखे वाजवायला सांगू नका. त्यांचे ते वाद्य खाली काढा, धूळ पुसा, आणि काही न बोलता त्यांच्या मांडीवर आणून ठेवा.